अमृतची तीन चाकी

२ जानेवारी २०२५, गुरुवार. सुट्टी.

कंपनीने क्वालिटी डिपार्टमेंटला डायऱ्या वाटल्या. गेल्या वर्षीची कोरीच राहिली, पण गेल्या वर्षी अमृत झाला, त्यामुळे ते माफ. यंदा लिहायचं. रोज नाही जमलं तर निदान गुरुवारी.

संकल्प: पोट कमी करणे. तंबाखू फक्त कामावर. अमृतला बाबागाडी घेणे, तीही तीन चाकी.

बाबागाडीचं असं झालं. आबा ज्या बंगल्याची देखभाल करतात तिथे थर्टी फर्स्टला मालकांची मुलगी आली होती, मुंबईहून. तिच्याकडे तीन चाकी बाबागाडी. पुढे एक, मागे दोन, सायकलसारखी हवेची चाकं. बाई एका हातात कॉफीचा मग धरून दुसऱ्या हाताच्या दोन बोटांनी गाडी ढकलत होती. लॉनवरून, खडीवरून, उतारावरून. आत पोरगं पाटलासारखं बसलेलं. मी गेटपाशी उभा राहून बघत राहिलो. चार चाकी कुणीही घेईल. मळवलीच्या रस्त्याला तीन चाकीच पाहिजे.

अमृत आज चार महिने बारा दिवसांचा. स्वभावाने अतिशय शांत. जन्मला तेव्हाही लगेच रडला नाही, सात मिनिटं घेतली. मग नऊ दिवस काचेत होता. तिथेही कुणाला त्रास नाही. माझ्यावर गेलाय.

२६ जानेवारीच्या आत गाडी घरात. नक्की.

९ जानेवारी, गुरुवार.

सावित्रामावशी अमृतला न्हाऊ घालायला येतात, वरच्या ठाकरवाडीतून. सकाळी उतरतात, तेल लावून मालिश करतात, आंघोळ, धुरी, आणि परत वर. आज सुट्टी म्हणून मी बाजूला बसलो होतो. मावशी पायांवर पोर घेऊन म्हणाल्या, "कैलासभाऊ, पोर मान धरत न्हाई अजून."

मी म्हणालो, डोकं मोठं आहे. मोठ्या डोक्याला वेळ लागतो.

मावशी तांब्याने पाणी घालत राहिल्या. मग म्हणाल्या, "मूठ बी उघडत न्हाई. बगा."

मी बघितली. मूठ घट्ट. अंगठा आत. माझं बोट घातलं तर असं धरलं की सुटेना. याला ताकद म्हणतात. मी अकरा वर्षं लाइनच्या शेवटी उभा राहून पार्ट तपासतोय, केसाएवढा फरक असला तरी रिजेक्ट करतो. माझ्या नजरेतून काही सुटत नाही.

कोमल मोरीच्या दारात उभी होती. तिने ऐकलं. तिला लगेच टेन्शन येतं.

२६ जानेवारी, रविवार.

गाडी घेतली नाही. घाई करून चालत नाही. मार्केट मोठं आहे.

एक्सेलमध्ये तक्ता केला. चौदा मॉडेल. चाकाचा व्यास, फ्रेमचं मटेरियल, ब्रेक, सस्पेन्शन, पुढचं चाक फिरतं की लॉक होतं, पाठ किती अंशात मागे जाते. प्रत्येकाला मार्क. कंपनीत सप्लायर निवडताना आम्ही असंच करतो. कोमलला दाखवला. ती म्हणाली, "यात बाळाचा कॉलम कुठेय?" मी समजावलं की बाळ कॉन्स्टंट आहे, गाडी व्हेरिएबल आहे.

ती अमृतला घेऊन आत गेली. तिला तांत्रिक गोष्टींत रस नाही.

१३ फेब्रुवारी, गुरुवार.

चिंचवडला दुकानात गेलो, तिघेही. सोबत मेजर टेप आणि वर्निअर नेला. सेल्समन हसला. मी हँडलच्या पाइपची जाडी मोजून सांगितली, बॉक्सवर लिहिल्यापेक्षा कमी आहे. मग हसायचा थांबला.

तिथे एक तीन चाकी एकदम फिट वाटली. सेल्समन म्हणाला, बाळ बसतं ना? ही बसणाऱ्या बाळांसाठी आहे. मी म्हणालो, बसतोच म्हणायचं. तो म्हणाला, ठेवून बघा. कोमल म्हणाली, नको. मी म्हणालो, ठेव गं. ठेवला. अमृत एका बाजूला गेला, मान पुढे, हनुवटी छातीवर. झोप आली होती त्याला.

शेजारी दुसरी बाई आपल्या मुलीला चार चाकीत बसवून बघत होती. मुलगी ताठ बसून खुळखुळा आपटत होती. कोमलने विचारलं, किती महिन्यांची. ती म्हणाली, आत्ता साडेपाच. अमृत पावणेसहाचा.

परतीच्या लोकलमध्ये कोमल मळवलीपर्यंत खिडकीबाहेर बघत होती. मी मुलं आणि मुली यांतला फरक समजावला. मुलगे उशिरा करतात सगळं. आई सांगते, मी दीड वर्षानं चाललो. आज बघा.

गाडी घेतली नाही. पुढच्या चाकाला थोडा वॉबल होता.

२ मार्च, रविवार.

सावित्रामावशींना बंद केलं.

सहा महिने झाले मालिशला, पुरे. तसं तोंडावर सांगितलं, पण खरं कारण वेगळं. त्या कोमलच्या डोक्यात भलतं भरवतात. काल संध्याकाळी कोमल म्हणाली, मावशी सांगत होत्या त्यांच्या वाडीत एक पोर असं होतं. मी विचारलं, असं म्हणजे कसं. ती अमृतची झबली घडी करायला लागली.

मावशींना आज सकाळी अंगणातच सांगितलं, उद्यापासून नको. त्यांनी पदराला हात पुसले. म्हणाल्या, "चाळीस वरसं पोरं न्हाऊ घालतीय मी. तुमाला बी म्याच घातलं. येका पोराला बी वंगाळ बोलली न्हाई. ह्याला दवाखान्यात दावा." मी म्हणालो, दाखवलंय, जन्मलाच दवाखान्यात.

त्या गेल्या. आबा गोठ्यातून सगळं ऐकत होते, बाहेर आले नाहीत. कोमलही काही बोलली नाही, म्हणजे पटलं असावं.

आता लक्ष पूर्णपणे गाडीवर. चौदातून चार मॉडेल उरली.

२७ मार्च, गुरुवार.

आज प्रॅक्टिकल ट्रायल. बंगल्यावर मालकांच्या मुलीची तीन चाकी स्टोअरमध्येच ठेवलेली असते. आबांकडून किल्ली घेतली. आबा म्हणाले, "इचारल्याबिगर?" मी म्हणालो, एक तास फक्त.

अमृतला नेलं नाही, उन्हाचं. त्याच्या वजनाइतका इंद्रायणी तांदूळ पिशवीत भरून सीटवर ठेवला. बंगल्याच्या गेटपासून स्टेशनच्या फाटकापर्यंत जाऊन आलो. स्पीडब्रेकर चार, खड्डे अगणित. गाडी लोण्यासारखी चालते. एका वळणावर पिशवी कलंडली, पण पट्टा आवळल्यावर सरळ राहिली. फाटकापाशी दोघातिघांनी विचारलं, कैलास, तांदूळ फिरायला नेतोस का. लोकांना संशोधन कळत नाही.

निष्कर्ष: सस्पेन्शन महत्त्वाचं. मागचा ब्रेक पायाने लागणारा हवा. घरी येऊन कोमलला सांगायला गेलो तर दार आतून लावलेलं. बराच वेळाने उघडलं. सतरंजी घातलेली, अमृत तिच्यावर पालथा, छातीखाली गुंडाळलेला टॉवेल. अमृत घामाघूम आणि रडवेला. काय चाललंय विचारलं तर म्हणाली, खेळतोय. असं कोण खेळवतं.

२० एप्रिल, रविवार. सकाळी.

दुपारपाळी आहे, वेळ आहे.

आज भांडण. भांडण म्हणजे कोमलने विषय काढला आणि मी शांतपणे संपवला. तिचं म्हणणं, पुण्यात लहान मुलांच्या मेंदूचे डॉक्टर असतात, त्यांना दाखवू. मेंदूचे. मी म्हणालो, मोबाइल कमी बघ. ती म्हणाली, "आठ महिने पूर्ण होतायत. हाक मारली की बघतो, हसतो, सगळं कळतं त्याला. अंग ऐकत नाही त्याचं." मी म्हणालो, अंगाला व्यायाम नाही, सारखं कडेवर. गाडी आली की बाहेर फिरेल, चार गोष्टी बघेल, मान आपोआप वर होईल. बघायला काही असल्याशिवाय माणूस मान कशाला वर करेल. हे मला बोलता बोलता सुचलं आणि फार पटलं.

ती म्हणाली, "मग आणा गाडी."

आणणारच आहे. दोन मॉडेल उरली. एकाचं सीट निळं, एकाचं राखाडी. निळ्यावर डाग दिसतात.

अमृत पाय एकमेकांवर टाकून झोपतो, कात्रीसारखे. सोडवायला गेलं तर जोर करतो. पायात दम आहे.

२७ मे, मंगळवार.

रजा टाकून लसीकरणाला गेलो, नऊ महिन्यांच्या डोसला. कोमल नको म्हणत होती, मीच जाते म्हणाली. पण बाप म्हणून काही कर्तव्य असतं.

अनिता आमच्या गावची आशाताई, शाळेत माझ्या मागे दोन वर्षं होती. सुई झाल्यावर तिने अमृतला चटईवर ठेवला. हात धरून बसवायला गेली. मान मागे लटकली. तिने पटकन हात खाली लावला. मग कार्ड घेतलं आणि खुणा करत गेली. बसतो का. हातातली वस्तू दुसऱ्या हातात घेतो का. मी प्रत्येकाला "प्रयत्न करतो" असं सांगितलं. प्रयत्न करतो असा कॉलम त्या कार्डावर नाही. सरकारी कार्ड असंच.

अनिताने पुण्याच्या मोठ्या सरकारी दवाखान्याची चिठ्ठी लिहून दिली. म्हणाली, "दादा, या महिन्यातच जा. लवकर गेलं तर पुष्कळ फरक पडतो." तिच्या आवाजात काहीतरी होतं. मला आवडलं नाही. शाळेत तिला साताचा पाढा येत नव्हता.

चिठ्ठी मी खिशात ठेवली. कोमलने मागितली, म्हटलं घरी देतो. घरी आल्यावर कंपनीच्या फाइलमध्ये ठेवली. गाडी आधी, मग गाडीतूनच नेऊ पुण्याला. एका कामात दोन.

कोमलने परत मागितली नाही. म्हणजे तिचंही तेच मत झालं.

१९ जून, गुरुवार.

घेतली.

राखाडी. बारा इंची मागची चाकं, हवेची. पाच ठिकाणी बांधायचा पट्टा. मीच जोडली, पडवीत, पाऊण तासात. सायकलवाल्याकडे नेऊन हवा बरोबर करून घेतली. आई म्हणाली, "देवाच्या रथासारखी दिसतीय." आबा लांबून बघून म्हणाले, "दमदार हाय."

मॅन्युअल पंचवीस पानी. पान तीनवर चौकटीत लिहिलंय, आधाराशिवाय न बसणाऱ्या बाळाला यात बसवू नये. हे कंपन्या स्वतःची कातडी वाचवायला लिहितात. शिवाय तिकडची मुलं वेगळी, त्यांना पहिल्या दिवसापासून खुर्चीत बसवतात.

कोमलने गाडीला हात लावून बघितला. सीट दाबून बघितलं. म्हणाली, "मान कशावर टेकणार?" मी टॉवेलची गुंडाळी करून दोन्हीकडे लावून दाखवली. इंजिनिअरिंग म्हणजे हेच.

येत्या गुरुवारी उद्घाटन. पाऊस उघडला तर.

२६ जून, गुरुवार.

दुपारी पाऊस उघडला. चार वाजता निघालो. मी, कोमल, अमृत. पुलाकडे जाणारा रस्ता, तिथे गाड्या कमी.

मधला पट्टा लागत नव्हता. पाय एकमेकांत अडकलेले, मध्ये जागाच होईना. जोर केला तर रडायला लागला. म्हणून मधला सोडून दिला, खांद्याचे दोन लावले. कोमल म्हणाली, राहू दे आज. मी म्हणालो, सपाट रस्ता आहे, काय होतंय.

गाडी छान चालली. खरंच छान चालली. अमृत बघत होता, भातखाचरं, बगळे. एकदा हसला. कोमलसुद्धा हसली, मी बघितलं. पुलाच्या अलीकडे उतार आहे तिथे ब्रेक लावून गाडी उभी केली आणि व्हिडिओ घ्यायला पुढे गेलो. कोमल मागे ओढणी झुडपात अडकली ती सोडवत होती.

सीट ओलं होतं थोडं. तो खाली सरकला. मधला पट्टा नव्हता म्हणून सरकत गेला, आणि खांद्याचा पट्टा गळ्याशी आला.

मी मोबाइलमध्ये बघत होतो. त्याने आवाज केला नाही. तो आवाज करतच नाही. मी म्हणत होतो, अमृत, इकडे बघ, इकडे बघ बाळा.

कोमल धावत आली. तिने पट्टा सोडवला नाही, तिने त्याला तसंच वर उचलून धरलं आणि मग दाताने का कशाने बक्कल काढलं मला कळलं नाही. ओठ निळे होते. मग रडला. खूप मोठ्याने रडला. इतका मोठ्याने तो कधी रडला नव्हता.

कार्ल्याच्या डॉक्टरांनी बघितलं. म्हणाले, वाचला.

घरी येऊन व्हिडिओ बघितला. सरकायला लागल्यापासून कोमल पोचेपर्यंत एकवीस सेकंद. मी दोनदा मोजले. माझा आवाज आहे त्यात.

डिलीट केला. बक्कलच्या डिझाइनमध्ये दोष आहे, कंपनीला ईमेल करणार.

२७ जून, शुक्रवार.

कामावर गेलो नाही. ईमेल केला नाही.

३ जुलै, गुरुवार.

कोमल आणि अमृत देहूरोडला तिच्या माहेरी गेलेत. हवापालट. मळवलीत या दिवसांत फार ओल असते, लहान मुलांना तिकडे बरं. आठ-पंधरा दिवस.

जाताना तिने अमृतचे कपडे, औषधं, सतरंजी, सगळं नेलं. गाडी नेली नाही. मी म्हणालो, फोल्ड होते, लोकलमध्ये मावेल. ती म्हणाली, "तुम्हाला एक सांगू का? मला तुमचा राग येत नाही. राग यायला वेळच नाहीये." मग आबा तिला स्टेशनवर सोडायला गेले. मला म्हणाले, तू ऱ्हा.

तिने जायच्या आधी कपाट आवरलं. कंपनीची फाइल जागच्या जागी आहे. चिठ्ठी पण आत आहे. मी बघितलं.

संकल्प: गाडीला मानेचा आधार बसवून घेणे. तळेगावात एक सीट कव्हर शिवणारा आहे, मोटारींचे करतो. त्याला माप द्यायचं.

१७ जुलै, गुरुवार.

लावणी सुरू आहे. आई आणि मी खाचरात. कंबर गेली. आठ-पंधरा दिवस झाले तरी फोनवर कोमल म्हणते, बघू. अमृतचा आवाज येतो मागून, कुणीतरी "शाब्बास" म्हणतं. कोण म्हणतं विचारलं तर म्हणाली, बाबा.

सकाळी आबा दूध घालायला निघाले. बघतो तर किटली बाबागाडीत. मधला पट्टासुद्धा लावलेला, किटलीच्या कडीतून. मी म्हणालो, आबा, अहो. ते म्हणाले, "सायकलची चेन तुटलीया. ही चिखलात कुटं रुतत न्हाई बग. लय ब्येस गाडी हाय." आणि गेले. अंगणातून बाहेर पडताना एका हाताने ढकलत होते.

थांबवणार होतो. काय सांगून थांबवणार?

सीट कव्हरवाल्याला माप दिलं नाही अजून. तो विचारेल, मूल केवढं, कसं बसतं.

२१ ऑगस्ट, गुरुवार. अमृतचा वाढदिवस.

न सांगता देहूरोडला गेलो. केक नेला, छोटा. प्लॅन असा होता की सरप्राइज द्यायचं, दोघांना संध्याकाळी घेऊन यायचं.

घरी फक्त मामा होते. कोमलचे वडील, भिमाजी, लष्कराच्या डेपोत सुतारकामाला होते, रिटायर झाले. व्हरांड्यात प्लायवूडवर काम करत होते. मला बघून म्हणाले, "या. बारापर्यंत येतील ती." कुठे गेलेत विचारलं. म्हणाले, "चिंचवडला. रोज जातात."

मी बसलो. केक मांडीवर. मामा एक छोटी खुर्ची करत होते. पाठीच्या दोन फळ्या काटकोनात, कोपऱ्यासारख्या, म्हणजे मूल त्यात बसलं की दोन्ही खांदे पुढे येतात. पुढे ट्रे. मध्ये पायांच्या मधोमध एक गोल दांडका, फोम गुंडाळलेला, पाय लांब ठेवायला. मी कोपऱ्याला बोटाने चाचपून बघितलं. कुठे फट नाही. मी विचारलं, ड्रॉइंग कुणी दिलं. म्हणाले, "तिथल्या बाईंनी सांगितलं. आणि त्याच्या पाठीची मापं घेतली." मग रंधा मारत राहिले.

बाराला कोमल आली. अमृत खांद्यावर. मला बघून अमृत हसला. ओळखलं. मी पुढे झालो, घ्यायला. कोमल म्हणाली, "मानेखाली हात. असा नाही. असा."

सेरेब्रल पाल्सी. तिने कागदावर लिहून दिलं कारण मला नीट ऐकू आलं नाही. जन्माच्या वेळी ऑक्सिजन कमी पडला, ती सात मिनिटं. बरं होणारं दुखणं नाही, पण वाढत पण नाही. शिकवावं लागतं. मान, मग बसणं, मग बघू. हे सगळं तिने असं सांगितलं जसं कुणी दुकानाचा पत्ता सांगतं.

मी विचारलं, कधी दाखवलंस. म्हणाली, पुण्याला जूनच्या पहिल्या आठवड्यात, अनिताने दुसरी चिठ्ठी दिली. पण व्यायाम त्याच्या आधीपासून. "तुम्ही मावशींना बंद केलंत ना, त्याच्या दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी तळेगावला गेलो. तिथे एका मॅडमनी शिकवले. रोज चारदा, तुम्ही कामावर असताना. मावशी धरायच्या, मी करायचे. मावशी वाडीवरून त्यासाठीच यायच्या, मागच्या दाराने."

मी म्हणालो, मला सांगायचंस.

मामांचा रंधा थांबला होता, तो परत सुरू झाला.

केक कापला. अमृतला क्रीम चाटवलं. संध्याकाळच्या लोकलने एकटा आलो. घेऊन जातो असं म्हणायला तोंड उघडलं नाही.

२८ ऑगस्ट, गुरुवार.

घरात गणपती. पाहुणे येतात, सूनबाई कुठेय विचारतात. आई म्हणते, माहेरी, हवापालट. माझंच वाक्य. तिच्या तोंडून ऐकताना कुणालाच खरं वाटत नाही हे दिसतं.

आरतीला सावित्रामावशी आल्या होत्या. दारातच उभ्या. मी आत या म्हणालो. त्यांनी विचारलं, "पोर कसं हाय?" मी म्हणालो, बरं आहे. मग म्हणालो, मान धरायला लागलाय थोडी. मला ते माहीत नव्हतं, असंच बोललो. मावशी म्हणाल्या, "व्हय, कोमलनं सांगितलं फोनवर."

त्यांना सांगते ती. बरोबर आहे.

४ सप्टेंबर, गुरुवार.

कोमलने विचारलं, येता का चिंचवडच्या सेंटरला. गेलो.

मोठी खोली, गाद्या, मोठे रबरी बॉल. बरीच मुलं. आया, एक-दोन आज्या. बाप मी धरून दोन. दुसऱ्याची मुलगी सात वर्षांची होती, तो तिच्या बुटाचे बंद बांधत होता. मला म्हणाला, पहिल्यांदा का. मी हो म्हणालो.

थेरपिस्ट मॅडम वयाने लहान. मी त्यांना विचारलं की कधी चालेल. त्या म्हणाल्या, "आधी मान." मी विचारलं, मग मोठी चाकं असलेली एखादी गाडी, सपोर्टवाली, पुढेमागे घ्यावी लागेल का, मी त्याचा थोडा अभ्यास केलाय. त्या म्हणाल्या, घ्यावी लागेल, वेळ आली की आम्हीच माप देऊ. कोमल दुसरीकडे बघत होती.

आणखी एक प्रश्न होता. जानेवारीत आलो असतो तर. मॅडम माझ्याकडे बघत थांबल्या होत्या, यांना अजून काही विचारायचंय असं. मी पाणी कुठे मिळेल ते विचारलं.

११ सप्टेंबर, गुरुवार.

देहूरोड. दुपारी.

आज मी धरला. मामांची खुर्ची अजून त्याला थोडी मोठी होते, म्हणून आधी मांडीवर. पाठ माझ्या पोटाला, माझे दोन्ही तळवे त्याच्या छातीच्या बाजूंना, बोटं पसरून. घट्ट नाही, सैल नाही. कोमल समोर खुळखुळा घेऊन. वीस मिनिटं बसायचं. सात मिनिटांत माझे दंड भरून आले, बाराव्या मिनिटाला हात थरथरायला लागले. घड्याळ समोरच होतं. त्याचं हृदय हाताला लागतं. इतकं जोरात चालतं हे माहीत नव्हतं. मान वर करायला त्याला किती कष्ट पडतात ते मागून कळतं, मानेच्या मागची एक बारीक शीर ताणते, कान लाल होतात.

तो मान वर करतो, खाली जाते, परत वर करतो. कंटाळत नाही.

मग एकदा वर केली आणि राहिली. कोमल म्हणाली, मोजा. मी मोठ्याने मोजलं. एक, दोन, तीन. तो खुळखुळ्याकडे बघत होता. सहा. सात. आठ. नऊ. मग खाली.

नऊ, मी म्हणालो. कोमल, नऊ.

ती म्हणाली, "काल बारा होते. तुमचा डावा हात खाली आला."